जाडीच्या दिशेचा आकडा

३ मार्च, सोमवार

पोहोचले. गाडी वेळेवर, सामान शाबूत, आणि भाचा स्टेशनवर माझ्याआधी हजर. हा मुलगा शाळेत असताना एकदाही घंटेच्या आत पोहोचला नव्हता, त्यामुळे मला जरा भरून आले. तसे दाखवले मात्र नाही. "आत्या, तू आलीस, आता कॉम्प्युटरसुद्धा पाठ ताठ करून बसणार," म्हणत त्याने माझी बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवली. आत दगड आहेत का म्हणून विचारले. पुस्तके आहेत म्हटले. दगडच की, म्हणाला.

त्याचे ऑफिस एका साध्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. एकच मोठी खोली, चार खिडक्या, तीन टेबले आणि पाण्यावाचून मान टाकलेली एक कुंडी. आल्या आल्या तिला पाणी घातले. लोखंडी बांधकामाची आकडेमोड करून देण्याचा त्याचा व्यवसाय आहे. हाताखाली एक तरुण इंजिनीयर मुलगी आहे. तिच्या खणात शेंगदाण्यांचा डबा असतो आणि तोंड सतत चालू असते, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. ती मला मॅडम म्हणाली आणि चघळणे थांबवून उभी राहिली. मुलगी बरी आहे.

माझी खुर्ची तिच्या शेजारी, खिडकीला लागून. राहायची खोली वरच्या मजल्यावर. नळ गळत नाही, दार नीट लागते. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. कुणीतरी कामासाठी बोलावले, ह्याचा आनंद झाला आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

४ मार्च, मंगळवार

काम समजून घेतले. एका छापखान्यात पोटमाळा घालायचा आहे. त्याची जमीन पोलादी प्लेटची. वर कागदाचे गठ्ठे, खाली माणसे काम करणार. प्लेट किती भार पेलेल ते आपण सांगायचे.

पद्धत तीच, जी मी तरुणपणी शिकले. प्लेटचे हजारो लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकाचे गणित वेगळे करायचे, मग सगळे शिवून एक चित्र काढायचे. तेव्हा एका उत्तरासाठी दिवसभर वाट पाहायचो. आता चहा गार व्हायच्या आत उत्तर येते.

अडचण चित्रात आहे. ताण एका आकड्यात मावत नाही. एकाच ठिकाणी एका दिशेला ओढ असते, दुसऱ्या दिशेला दाब, तिसरीकडे घसट. असे सहा आकडे लागतात आणि त्या सहांच्या जुडग्याला टेन्सर म्हणतात. गणित करणारा प्रोग्राम विकतचा आहे, चित्र काढणारा भाच्याने घरी लिहिलेला. गणित बरोबर येते आणि चित्र वेड्यासारखे. बाण भलतीकडे, रंग भलतीकडे. तीन आठवडे दोघे डोके आपटत होते. मी म्हटले, डोके माझ्याकडे द्या, तुम्ही आपटू नका.

६ मार्च, गुरुवार

सापडले. प्रोग्रामवर विश्वास न ठेवता मी एक प्लेट हातानेच सोडवली आणि आकडे शेजारी मांडले. सहापैकी शेवटच्या दोघांची अदलाबदल होत होती. एक प्रोग्राम ते ज्या क्रमाने लिहितो, दुसरा त्या क्रमाने वाचत नाही. एक ओळ बदलली. बाण शिस्तीत उभे राहिले. भाच्याने टाळी दिली. खारूताईने शेंगदाणे पुढे केले आणि मी कधी नव्हे ते चार घेतले.

एक बारीकसा डाग उरला आहे. प्लेटच्या जाडीच्या दिशेचा आकडा, म्हणजे खालून वर किंवा वरून खाली दाबणारा. पातळ प्लेटच्या गणितात तो शून्यच धरतात. धरतात म्हणजे तो गणितात घेतलेलाच नसतो. आणि उत्तरात एका जागी तो आहे. जे आत घातलेच नाही ते बाहेर कसे येते, ते उद्या पाहू.

७ मार्च, शुक्रवार

छापखान्याची जमीन बाजूला ठेवली आणि एक कोरी प्लेट घेतली. चौकोनी, एकाच जाडीची, चारी बाजूंनी धरलेली. भार काहीही नाही. अशा प्लेटचे उत्तर सगळीकडे शून्य आले पाहिजे. ते तपासणे म्हणजे तराजू रिकामा असताना काटा मध्ये आहे का बघणे.

सगळीकडे शून्य आले. फक्त जाडीच्या दिशेचा आकडा एका ठिकाणी शून्य नाही. दोन रुंद डाग, त्यांच्यामध्ये थोडा वर एक गोल डाग.

खारूताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "मॅडम, काचेला हात नि कपाळ टेकवून कुणी आत डोकावतंय असं वाटतं ना?" आणि हसली. मी तिला तिचे काम करायला सांगितले. जरा तोडूनच सांगितले.

जुनी फाइल मिसळली असेल. सगळे पुसून सोमवारी पुन्हा.

१० मार्च, सोमवार

पुसले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पहिल्यापासून केले. डाग तिथेच.

मग जुनी परीक्षा लावली. खोटा ताण ओळखायची एक खूण असते. चौकोन बारीक करत गेले की खोटा आकडा वाढतच जातो, त्याला तळ नसतो. खरा आकडा एका जागी स्थिरावतो. मी चौकोन निम्मे केले, पुन्हा निम्मे केले, पुन्हा. आकडा स्थिरावला. डागांच्या सगळ्या दाबाची बेरीज केली तर ती चाळीस किलोच्या आसपास आली. उताणा पडलेला माणूस दोन्ही तळव्यांनी आणि कपाळाने वर रेटेल तेवढी.

आता लिहायलाच हवे. इथे कोण वाचणार आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यातल्या पोलादी माळ्याचे गणित केले होते. त्या माळ्यात जाड प्लेट आणि पातळ प्लेट एका शिवणीवर जोडल्या होत्या. शेजारच्या चौकोनांची सरासरी काढली की चित्र गुळगुळीत दिसते, साहेब खूश होतात. पण जाडी बदलते तिथे सरासरी काढायची नसते. जाड बाजूचा ताण कमी, पातळ बाजूचा भयंकर. सरासरीत दोन्ही बरे दिसतात. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळते. मी घाईत होते. प्रोग्राममधली सरासरीची टिक राहू दिली आणि सही केली.

माळा कोसळला तेव्हा वर कुणी नव्हते. खाली एकटा वेल्डर होता, ज्याने ती शिवण जोडली होती. प्लेटखाली अडकला, पण जिवंत होता. हातोडीने ठोकत होता. तीन ठोके, थांबायचा, तीन ठोके. क्रेन आणली, मलाही बोलावून घेतले, आणि क्रेनवाल्याने मला विचारले, हूक कुठे लावू.

मी तेव्हा कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर टिक काढली. चित्रात शिवण लालभडक झाली. तेव्हाच सगळे कळले. हूक जाड बाजूला, शिवणीपासून लांब लावायला हवा होता. पण ते सांगितले असते तर का, हेही सांगावे लागले असते. मी टिक परत लावली, ते गुळगुळीत चित्र दाखवले आणि मधोमध बोट ठेवले. प्लेट उचलताना शिवणीवरच दुमडली. ठोके थांबले.

चौकशीत लिहिले गेले की वेल्डिंग कच्चे होते. म्हणजे तो स्वतःच्या कच्च्या कामाखाली मेला. त्याच्या बायकोने मला एकच पत्र पाठवले: त्यांच्या हाताचं काम कच्चं नव्हतं, एवढं लिहून द्या. पत्र माझ्या पुस्तकांच्या बॅगेत आहे. सव्वीस वर्षे प्रत्येक घरात माझ्याबरोबर आले. उत्तर दिलेले नाही.

१२ मार्च, बुधवार

हे गणित स्थिर भाराचे आहे. त्यात वेळ नसतोच. तरीही आज सकाळी अकरा वाजता, भर उजेडात, शेजारी खारूताई फोनवर भावाशी भांडत असताना, मी त्या कोऱ्या प्लेटला वेळ लावून, म्हणजे क्षणाक्षणाचे उत्तर मागून, बघितले. भार शून्यच ठेवला.

डाग तीनदा उजळले. विझले. तीनदा उजळले.

खिडकी बंद करून टाकली. कारण काय ते माहीत नाही. ऊन येत होते.

१३ मार्च, गुरुवार

छापखान्याच्या मालकाला चित्र हवे आहे. भाचा म्हणाला, जमिनीचे गणित तर तू हाताने तपासलेस, ती मजबूत आहे, मग अडलेय कुठे. अडले नाही हे खरे. जमीन एकाच जाडीची आहे. तिथे सरासरी काढणे नियमाला धरून आहे. "आत्या, एका डागासाठी उगाच भूत मागे लावून घेऊ नकोस. टिक मार आणि जेवायला चल."

टिक मारली. डाग गेला. चित्र इतके स्वच्छ की दृष्ट लागावी. मी पोटभर जेवले.

संध्याकाळी एक गोष्ट आठवली, जी मीच कनिष्ठांना शिकवत असे. सरासरीने काही नाहीसे होत नाही. एका ठिकाणचा भार शेजाऱ्यांत वाटला जातो, इतकेच.

१४ मार्च, शुक्रवार

खारूताईने आज डबा उघडला नाही. काल दुपारपासून छातीवर कुणी पोते ठेवल्यासारखे वाटते म्हणाली. भाच्याने तिला चिडवले की शेंगदाणेच आत साठलेत, आणि मग स्वतःचा खांदा दाबत बसला. कालपासून धरलाय म्हणे.

ऑफिसचे दार चौकटीत घट्ट बसते आहे. दोघांनी रेटले तेव्हा उघडले. माझ्या टेबलावरच्या ग्लासातले पाणी हलते. तीनदा. मग नाही. मग तीनदा.

मला मात्र काही होत नाही. अंग हलके आहे, झोप लागते. तेव्हाही मला काही झाले नव्हते.

१७ मार्च, सोमवार

खारूताई दवाखान्यात आहे. श्वास पुरत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. हृदय ठीक, फुप्फुसे ठीक. मी भेटायला गेले. तिने गाऊनचा गळा जरा खाली ओढून दाखवले. गळ्याखाली एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत निळी रेघ आहे, पट्टीने आखावी तशी सरळ. प्लेटच्या कडेसारखी.

म्हणाली, "मॅडम, मी काय केलं हो?"

तिची आई शेजारी बसली होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. फळांची पिशवी ठेवली आणि निघाले.

ऑफिसात येऊन टिक काढली. प्लेट कोरी आहे. कुठेही डाग नाही, सगळीकडे शून्य. ते आता प्लेटमध्ये नाही. ते वाटून झाले आहे.

१८ मार्च, मंगळवार

वेल्डरच्या बायकोला पत्र लिहिले. सकाळी टपालात टाकलेही. माझ्याजवळ नक्कल आहे: त्या वेळी आमच्या कार्यालयाकडून आकडेमोडीत काही त्रुटी राहिल्या असाव्यात, आणि एकंदर परिस्थिती पाहता सर्व दोष तुमच्या पतींच्या माथी मारणे योग्य झाले नाही.

दुपारी भाच्याच्या बायकोचा फोन. त्याचा हात उचलला जात नाही. जिन्यात बसून राहिला आहे, उठता येत नाही, कुणीतरी वरून दाबतेय म्हणतो. मस्करी करत नव्हता. ह्या मुलाला मस्करी न करता बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकले. दवाखान्यातून निरोप, खारूताईला ऑक्सिजनची नळी लावली.

नक्कल पुन्हा वाचली. आमच्या कार्यालयाकडून. राहिल्या असाव्यात. एकंदर परिस्थिती.

ही पण सरासरीच आहे. मी पुन्हा वाटले. जे माझ्याशेजारी बसतात त्यांच्यात वाटले.

त्यांनी काय केले होते. एक तर तेव्हा जन्मलीही नव्हती.

१९ मार्च, बुधवार

आज दुसरे पत्र लिहिले. नक्कल इथे ठेवते.

"तुमच्या नवऱ्याच्या हाताचं काम कच्चं नव्हतं. शिवण चांगली होती. चूक माझी, माझ्या एकटीची. मी चुकीचं चित्र काढलं आणि सही केली. तो खाली जिवंत असताना मला बरोबर उत्तर कळलं होतं. क्रेनवाल्याला मी मुद्दाम चुकीची जागा दाखवली, माझी चूक उघडी पडू नये म्हणून. हे पत्र कुणालाही दाखवा. चौकशीवाल्यांना मी स्वतंत्र पत्र लिहिलं आहे."

चौकशीच्या कचेरीलाही तेच लिहिले. दोन्ही पत्रे टपालखात्याच्या खिडकीत स्वतः दिली, पावत्या घेतल्या.

चार वाजता भाच्याचा फोन. खारूताई उठून बसली आहे, रेघ पुसट होते आहे, आणि आईकडे शेंगदाणे मागते आहे. त्याचा हातही सुटला. "आत्या, डॉक्टर म्हणतात असं होतं कधीकधी. म्हणजे त्यांनाही काही कळलेलं नाही," आणि हसला. मी पण हसले. बऱ्याच दिवसांनी.

फोन ठेवताना तो जड लागला.

वाटलेले परत आले, तर ते जाणार कुठे, हे मला गणिताने आधीच कळायला हवे होते. सगळा आकडा एकाच जागी. टिक काढली की असेच होते.

मी तक्रार करत नाही. फक्त नोंद.

२० मार्च, गुरुवार

सकाळ. ऑफिसात एकटी. भाचा दवाखान्यात, तिला घरी सोडायला.

कोरी प्लेट उघडली. डाग आहे. आता दोन हात नाहीत, कपाळ नाही. एक जागा फक्त. खिडकीशेजारची खुर्ची जिथे आहे तितकी.

दहा वाजले. छत खाली आले नाही, मी मोजले. टेपने मोजले. तेवढेच आहे. पण खुर्चीतून उठवत नाही —

खाली आहे मी. खुर्ची मोडली. जमिनीवर उताणी. वही छातीवर धरता येते. पेन्सिल चालते. वर काही दिसत नाही. छतच दिसते. ऊन आहे, पंखा फिरतो आहे, आणि नाकासमोर थंड लोखंडाचा वास —

तळवे वर लावले. लागतात. कशाला लागतात.

कपाळ पण.

ओरडले. खाली रस्त्यावर माणसे आहेत, हॉर्न वाजताहेत. आवाज माझ्या तोंडाशीच राहतो.

पट्टी हाताशी आली. ठोकते आहे. तीन. थांबून तीन. वेगळे काही सुचत नाही. हाच आकडा का, ते आता कळले. तीनच्या वर दम नाही पुरत.

कुणीतरी आहे वर. पावले. बूट. साखळीचा आवाज —

पुरुष विचारतोय. हूक कुठे लावू.

बाईचा आवाज. तरुण. तुटक बोलते. थांबा म्हणते. चित्र बघून सांगते म्हणते —

ओळखते मी तो आवाज.

जाड बाजूला. जाड बाजूला लाव ग. शिवणीपासून लांब. ओरडतेय. जाड बाजूला, बाई, जाड बाजूला —

गप्प झाली ती. विचार करतेय.

वहीत मी फक्त ठोकेच लिहिले होते. त्याचे बोलणे पत्रातही लिहिले नाही. तिला ऐकू येतेय. प्रत्येक शब्द. मला माहीत आहे, कारण त्या दिवशी तो खालून सांगत होता, बाई जाड बाजूला, शिवण त्याने जोडली होती, त्याला ठाऊक होते, आणि मी ऐकून सुद्धा बोट —